तुर्भ्याची पेटी, गुलमर्गचा बर्फ : एका स्नोमोबाइल अपघाताचा प्रकरण अभ्यास

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात प्रथमोपचाराची शिस्त जुनी आहे. फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ च्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती आवश्यक केली, पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला स्वतंत्र उपचार कक्ष ठेवायला लावला, आणि या नियमांच्या धाकाने का होईना, पट्टी बांधणे, सीपीआर देणे, जखमीला स्ट्रेचरवर घेणे या गोष्टी हाताला सवयीच्या असलेली माणसे तुर्भे, पावणे, रबाळे, महापे येथील कारखान्यांत तयार झाली. येथे मांडलेले प्रकरण अशाच माणसांचे आहे. तुर्भे एमआयडीसीतील एका कारखान्यातील आठ सहकारी जानेवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गला गेले, तेथे स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारे मोटरचे वाहन, उलटून त्यांच्यापैकी एकाच्या नडगीचे हाड मोडले, आणि अपघातस्थळापासून अस्थिरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला त्यांना पाच तासांहून अधिक वेळ लागला. मी त्या कारखान्यात प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. सहलीपूर्वीच्या तयारीत माझा सहभाग होता. अपघाताच्या वेळी मी तेथे नव्हतो. पुढील वर्णन आठही जणांशी वेगवेगळे बोलून, त्यांच्या फोनमधील छायाचित्रांच्या वेळा पडताळून आणि जखमी गृहस्थांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा वगळून लिहिले आहे.

पेटीमागचे गृहीतक

कारखान्यातील पेटी एक गोष्ट न बोलता गृहीत धरते : मदत थोड्याच वेळात येणार आहे. तुर्भ्यात यंत्रात हात सापडला, तर रक्त थांबवायचे, जखम झाकायची, माणसाला आडवे करायचे आणि गाडी बोलवायची. वाशी किंवा नेरूळमधील रुग्णालय गाठेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यापुरते त्या पेटीत सामान असते. त्यानंतरच्या वेळेबद्दल पेटी काहीच सांगत नाही, कारण सांगण्याची गरज पडत नाही. गुलमर्गमध्ये हे चित्र पालटते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे, गंडोला या रोपवेचा पहिला टप्पा जेथे संपतो ते कोंगडोरी ३,००० मीटरच्या वर आहे, तंगमर्ग १३ किलोमीटर खाली आणि श्रीनगर जवळपास ५० किलोमीटर दूर आहे. हिमवृष्टीनंतर तंगमर्ग ते गुलमर्ग हा घाट चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच पार करता येतो. मोडलेले हाड नीट आधार दिल्यास काही तास तग धरते. तेवढेच तास बर्फावर पडून राहिलेला माणूस तग धरेलच असे नाही.

गटाचे नेतृत्व कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर बाईंकडे होते. त्यांना सगळे जण मॅडम म्हणतात, म्हणून येथेही तसेच लिहितो. मॅडमनी तयारीची सुरुवात पेटीपासून न करता माणसांपासून केली, आणि ते योग्यच होते. प्रत्येकाकडून त्यांनी एका कागदावर रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा संपर्क क्रमांक लिहून घेतला. स्टोअर विभागातील एक ज्येष्ठ सहकारी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, हे त्यांच्या टेबलाशेजारी कित्येक वर्षे बसणाऱ्यांनाही त्या कागदावरूनच कळले. अशा व्यक्तीच्या डोक्याला वरवर किरकोळ मार बसला तरी आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांनी स्नोमोबाइलवर बसायचे नाही असे ठरले. ते थोडे नाराज झाले, पण ऐकले.

पेटीत रोलर पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, दाब देण्याचे जाड ड्रेसिंग, रक्तस्राव थांबवण्यासाठी दांडीने आवळायचा पट्टा म्हणजे टुर्निके, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी फोम लावलेला, मोडलेले हाड जखडायचा, वाकवता येणारा स्प्लिंट, जाड कापड आणि चामडे कापणारी कात्री, चंदेरी आपत्कालीन चादर, हात गरम ठेवणाऱ्या पुड्या, पॅरासिटामॉल आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इतके सामान होते. याशिवाय ट्रेकला जाणारी मंडळी वापरतात ती एक कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई) आणि घडीचे फावडे घेतले होते. हिमस्खलनाच्या उतारांवर जायचेच नाही, हा निर्णय नवी मुंबईतच झाला होता. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो आणि त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते; तेवढ्या वेळात शोध घ्यायचा तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याची जागा कळवणारे रेडिओ उपकरण हवे, बर्फात खुपसायची लांब सळई हवी, फावडे हवे आणि या तिन्हींचा सराव हवा. गटाकडे यांपैकी फक्त फावडे होते. म्हणून संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था जे हिमस्खलनाचे इशारे देते ते रोज पाहायचे आणि उघड्या तीव्र उतारांखालून जायचे नाही, एवढे त्यांनी पाळले.

शीतगृहातील चाचणी

गटातील एकाचा भाऊ तुर्भ्यातच एका कोल्ड स्टोरेजमध्ये पाळीप्रमुख आहे. गोठवलेले मटार आणि मासळी जेथे उणे १८ अंशांना ठेवतात, त्या खोलीत पेटी घेऊन अर्धा-पाऊण तास काढण्याची परवानगी त्याने मिळवून दिली. नवी मुंबईत राहून बर्फाची तयारी करणाऱ्यांना यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे, आणि तेथे जे दिसले ते कोणत्याही पुस्तकी यादीपेक्षा उपयोगी ठरले. कागदी चिकटपट्टी चिकटेना. रबरी हातमोजे कडक झाले आणि दोन बोटांत फाटले. ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटावर आकडा दाखवेना. थंडीत बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उपकरणाला नाडीच सापडत नाही. एका फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवर असताना फोन बंद पडला. सर्वांत त्रास गाठींचा झाला. जाड हातमोजे घालून त्रिकोणी पट्टीची गाठ मारायला एकालाही जमेना, आणि मोजे काढले की दोन-तीन मिनिटांत बोटे ऐकेनाशी होत.

यावर गटाने जो उपाय काढला तो तेव्हा मलाही पटला होता. गाठींऐवजी वेल्क्रोचे रुंद पट्टे घ्यायचे, म्हणजे मोजे न काढता स्प्लिंट बांधता येईल. त्रिकोणी पट्ट्या काढून टाकाव्यात असेही सुचवले गेले, परंतु मॅडमनी त्या राहू दिल्या, कारण त्यांचे वजन नगण्य होते.

अपघात

गुलमर्गमध्ये स्नोमोबाइल बहुधा चालकासह भाड्याने मिळते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि दोनशे ते तीनशे किलोंच्या घरात वजन. चालक मागे बसतो आणि हौशी पर्यटकाला काही अंतर हँडल धरू देतो. त्या दिवशी दोन यंत्रे खिलनमर्ग या कुरणाच्या बाजूला, नेहमीच्या फेरीच्या थोडी पलीकडे, झाडीच्या कडेने चालली होती. आदल्या रात्री नवा बर्फ पडला होता. दुसऱ्या यंत्राचे हँडल प्रॉडक्शन विभागातील चव्वेचाळीस वर्षांच्या सहकाऱ्यांच्या हाती होते. दुपारी पावणेतीनच्या सुमारास डावी स्की बर्फाखाली दडलेल्या झाडाच्या बुंध्याला अडली, यंत्र डावीकडे कलंडले, आणि त्यांनी डावा पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवला.

हा पाय टेकवणेच अपघाताचे खरे कारण आहे असे माझे मत आहे. पाम बीच मार्गावर वर्षानुवर्षे मोटरसायकल चालवलेल्या माणसाचे शरीर गाडी कलली की विचार न करता पाय टेकवते, आणि दीडशे किलोंची उभी मोटरसायकल पायावर सावरता येतेही. स्नोमोबाइलच्या बाबतीत तोच पाय यंत्र आणि बर्फ यांच्यामध्ये पाचरीसारखा अडकतो. यंत्र कललेच तर पाय पायदानाच्या आतच ठेवावेत, शरीराचा भार वरच्या बाजूला टाकावा, आणि तरीही ते उलटत असेल तर वरच्या अंगाला उडी टाकून दूर व्हावे. चालकांनी निघण्यापूर्वी वेग आणि ब्रेक समजावला होता, पायांबद्दल कोणीच बोलले नव्हते. पाच मिनिटांची ही सूचना कोणत्याही स्प्लिंटपेक्षा अधिक मोलाची ठरली असती.

चालक मागच्या मागे बर्फात फेकला गेला आणि त्याला काही लागले नाही. यंत्र जखमीच्या डाव्या नडगीवर आडवे झाले आणि पट्टा फिरतच राहिला.

पहिला पाऊण तास

पुढच्या यंत्रावरून मॅडम आणि मेंटेनन्समधील एक तरुण सहकारी परतले. कारखान्यातील सवय येथे कामी आली : जखमीला हात लावण्याआधी यंत्राची चावी बंद केली गेली. त्यानंतर पाय ओढून काढण्याचा मोह चालकाने रोखला. ‘साहब, खींचो मत, खोदो,’ असे तो म्हणाल्याचे तिघांनाही आठवते. फावड्याने पायाच्या दोन्ही बाजूंचा आणि खालचा बर्फ उकरला, तेव्हा पायाखाली पोकळी झाली आणि यंत्राचा भार न उचलताच पाय सुटला. ओढाओढ झाली असती तर हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर येण्याची शक्यता होती, आणि बंद अस्थिभंगाचा उघडा अस्थिभंग झाला की जंतुसंसर्गाचा सगळा हिशेबच बदलतो.

जखमी गृहस्थ शुद्धीवर होते, फारच शुद्धीवर होते. ‘मी ठीक आहे, मला फक्त उभं करा,’ असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मॅडमनी त्यांच्या छातीवर हात ठेवून ‘दादा, तुम्ही उठायचं नाही’ एवढेच सांगितले आणि क्रमाने तपासणी केली : श्वास, मोठा रक्तस्राव, मान, डोके, छाती, पोट, कटी, मग हातपाय. नाव, ठिकाण, वेळ आणि काय घडले हे त्यांना नीट सांगता आले. हेल्मेटवर खरचटल्याची खूण नव्हती. तीन हजार मीटरवर, आदल्याच दिवशी समुद्रकाठावरून आलेल्या माणसाला डोकेदुखी आणि मळमळ विरळ हवेमुळेही होते. पण पडल्यानंतर ती सुरू झाली तर डोक्याला मार लागला आहे असेच धरून चालायचे, हा नियम त्यांनी पाठ केला होता. येथे तसे काही झाले नाही.

नडगी मध्याच्या थोडी खाली वाकलेली दिसत होती, नेमकी बुटाच्या काठाशी. बूट म्हणजे तंगमर्गला भाड्याने मिळतो तो गुडघ्याखालपर्यंतचा रबरी गमबूट. येथे एक खरा पेच उभा राहिला. नाडीचा बूट असता तर नाडी सैल करून, बूट पायातच ठेवून त्याचा आधार आणि ऊब दोन्ही मिळवता आली असती. गमबूट सैल होत नाही, आणि तो ओढून काढणे म्हणजे मोडलेल्या हाडावर जोर देणे. पाऊल दिसल्याशिवाय रक्तपुरवठा चालू आहे की नाही हे कळणार नव्हते. मॅडमनी कात्री मागितली. हातमोजे काढून, काठाच्या पुढच्या बाजूने खाली, रबर आणि मोजा यांच्यामध्ये दोन बोटे घालून कातडीला धक्का लागू न देता, एकेका बोटाइतके अंतर कापत त्या घोट्यापर्यंत आल्या. मग दोन्ही पाळ्या फाकवून बूट केळीचे साल उतरवावे तसा टाचेखालून बाजूला केला. पाऊल फिकट होते, पण पावलाच्या वरच्या बाजूची नाडी लागत होती, बोटे हलत होती आणि कोणत्या बोटाला स्पर्श केला हे डोळे मिटून सांगता येत होते. नख दाबून रंग किती वेळात परत येतो हे पाहण्याची पद्धत थंडीत फसवी असते, म्हणून त्यांनी नाडी आणि संवेदना यांवरच भिस्त ठेवली. पावलावर कोरडा लोकरी मोजा आणि त्यावर जॅकेटची बाही गुंडाळली. भाड्याच्या बुटाचे पैसे नंतर दुकानदाराला द्यावे लागले; ते मुकाट्याने द्यावेत, कात्री चालवताना त्याचा विचारही मनात आणू नये.

स्प्लिंट बांधताना तुर्भ्याचा प्रयोग अपुरा असल्याचे उघड झाले. वेल्क्रोचे पट्टे पिशवीतून काढताना बर्फात पडले, त्यांच्या आकड्यांत बर्फाचे कण भरले आणि ते धरेनात. कोल्ड स्टोरेजमधील थंडी कोरडी असते. तेथे वारा नव्हता, उडणारा बर्फ नव्हता, मोज्यांवर वितळून पुन्हा गोठणारे पाणी नव्हते. त्या खोलीत गटाने तापमानाची परीक्षा घेतली होती; ओलीची परीक्षा राहून गेली होती. शेवटी राखून ठेवलेल्या त्रिकोणी पट्ट्याच वापरल्या. मेंटेनन्समधील तरुणाने उघड्या हातांनी गाठी मारल्या, मध्ये दोनदा हात काखेत धरून. वाकवता येणारा स्प्लिंट एकट्याने नडगीला पुरेना, कारण मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, म्हणजे गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे जखडावे लागतात. म्हणून कॅरीमॅट लांबीत दुमडून पन्हळीसारखी मांडीच्या मध्यापासून पावलापर्यंत बसवली आणि आतून स्प्लिंटचा आधार दिला. साडेतीन वाजण्याच्या आत पाय उत्तम जखडला गेला होता. गाठी मारून झाल्यावर नाडी आणि संवेदना पुन्हा तपासल्या गेल्या, हेही नोंदवले पाहिजे. ही पायरी कारखान्यातील सरावात हमखास विसरली जाते.

गारठा

एकच कॅरीमॅट होती आणि ती पायाला बांधली गेली. जखमी आता पाठीवर, जीन्स आणि भाड्याच्या लांब कोटासह, थेट बर्फावर होते.

तयारीतील सर्वांत मोठी उणीव हीच होती. गटाने स्प्लिंट, ऑक्सिमीटर आणि औषधे यांवर विचार आणि पैसा खर्च केला, आणि जमिनीपासून तोडणारा थर एकच घेतला. बर्फाला टेकलेले शरीर हवेत उभ्या असलेल्या शरीरापेक्षा कितीतरी लवकर ऊब गमावते, आणि ओली सुती जीन्स त्यात भर घालते. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला असे मानतात. सुरुवातीला जोरदार हुडहुडी भरते. तापमान आणखी घसरले की हुडहुडी थांबते, बोलणे जड होते आणि माणूस शांत दिसू लागतो. ती शांतता बरे वाटल्याची खूण समजणे घातक ठरते. शिवाय गारठलेल्या रक्ताची गुठळी नीट होत नाही, त्यामुळे आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर तो वाढतो. वाऱ्याचा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो : हवा उणे ५ अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे १४ अंशांसारखा लागतो, आणि चालत्या स्नोमोबाइलवर तेवढा वारा आपोआप तयार होतो. जखमी गृहस्थ पडण्यापूर्वीच अर्धा तास त्या वाऱ्यात बसलेले होते. त्यातच गुलमर्ग अफरवट डोंगराच्या ईशान्य अंगाला असल्यामुळे हिवाळ्यात ऊन सूर्यास्ताच्या बरेच आधी डोंगराआड जाते. पावणेचारला त्यांचे दात वाजू लागले होते.

चूक ध्यानात येताच जे केले ते बरोबर होते. चौघांच्या सॅक रिकाम्या करून सपाट अंथरल्या, स्नोमोबाइलची सुटणारी गादी काढून पाठीखाली घेतली आणि तिघांनी मिळून, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, जखमीला कुशीवर वळवत हा थर खाली सरकवला. चंदेरी चादर वाऱ्यात फडफडून कडेला फाटली. तिचा खरा उपयोग कोटाच्या आत, कोरड्या स्वेटरवर गुंडाळल्यानंतर झाला, कारण तेव्हा ती वारा आणि ओल दोन्ही अडवू लागली. गरम पुड्या काखेत आणि छातीवर, कापडाच्या एका थरावरून ठेवल्या. थेट कातडीवर त्या भाजतात, आणि गारठलेल्या माणसाला ते कळत नाही. चालकाने अंगातला फिरन, म्हणजे लांब सैल झगा, काढून वरून पांघरला.

याच सुमारास खालून आलेल्या एका स्लेजवाल्याने आपली कांगडी पुढे केली. निखाऱ्यांची ती मडकी कश्मिरी माणूस फिरनच्या आत सहज बाळगतो, पण जखडलेल्या, हलू न शकणाऱ्या आणि चादरींत गुंडाळलेल्या माणसाजवळ ती ठेवली तर भाजण्याचा आणि कोंडलेल्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. मॅडमनी आभार मानून ती गाठी मारणाऱ्या तरुणाला हात शेकायला दिली. हा निर्णय लहान असला तरी फार नेमका होता. पोटात काय द्यायचे हा प्रश्नही आला. गारठलेल्या, पूर्ण शुद्धीतील माणसाला गोड गरम पेय देतात. येथे मात्र शस्त्रक्रियेची शक्यता उघड होती, म्हणून निघण्यापूर्वी कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे पॅरासिटामॉलची मात्रा दोन घोट पाण्याबरोबर दिली आणि चहा टाळला.

संपर्क आणि वाहतूक

परदेशी मार्गदर्शनांत अशा ठिकाणी सॅटेलाइट मेसेंजर जवळ ठेवण्याचा सल्ला हमखास असतो. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसे उपकरण बाळगणे बेकायदा आहे, आणि ते सामानात सापडल्यामुळे प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले आहेत. तेव्हा तो सल्ला येथे लागू नाही. मोबाइलचीही एक मेख आहे. जम्मू-कश्मीरबाहेर घेतलेले प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही, पोस्टपेडच चालते. गटातील दोघांकडेच पोस्टपेड होते आणि त्यांपैकी एक जण खाली हॉटेलवर थांबला होता. दुसऱ्याचा फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवलेला असल्यामुळे चालू राहिला. झाडीतून थोडे वर चढल्यावर रेंज मिळाली आणि १०८ वर बोलणे झाले. काय बोलायचे ते हिंदीत एका कार्डावर आधीच लिहिलेले होते : ठिकाण, किती जखमी, काय झाले, शुद्धीवर आहे का, पोहोचण्याची वाट कोणती, परत कोणत्या क्रमांकावर बोलायचे. गाडी गुलमर्गच्या रस्त्यापर्यंतच येणार होती, तेथवर आणणे गटाकडे होते.

दुसरे स्नोमोबाइल उभे असताना जखमीला त्यावर का बसवले नाही, असा प्रश्न नंतर अनेकांनी विचारला. जखडलेला सरळ पाय बाहेर राहतो, प्रत्येक धक्का हाडापर्यंत जातो आणि चक्कर आली तर माणूस पडतो. स्लेज दोरीने यंत्रामागे बांधणे याहून वाईट, कारण उतारावर दोरीला ब्रेक नसतो. यंत्र थांबले की स्लेज मागून येऊन त्यावर आदळते, आणि वाटेत यंत्राचा धूर जखमीच्या तोंडावर येत राहतो. ओढण्यासाठी कडक दांडा असलेली खास बचाव-स्लेज असेल तरच तो मार्ग योग्य ठरतो. म्हणून स्लेजवाल्याच्या लाकडी स्लेजवर, डोके चढाच्या बाजूला ठेवून, छाती आणि मांड्या पट्ट्यांनी बांधून, दोन माणसे पुढे आणि दोन मागे दोर धरून अशी वरात निघाली. पाचच्या सुमारास ती रस्त्याला लागली.

घट्ट पट्टीचा प्रश्न

घाट उतरताना रुग्णवाहिकेत जखमीचे दुखणे वाढले. नडगीच्या अस्थिभंगात एक विशिष्ट भीती असते. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात; सूज आणि रक्तस्राव वाढून कप्प्यातील दाब चढला की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत कायमचे नुकसान होते. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. जखमेच्या मानाने फारच जास्त वाटणारे आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली असता असह्य होणारे दुखणे ही त्याची पहिली खूण. नाडी लागते आहे म्हणून निश्चिंत राहणे चूक, कारण नाडी फार उशिरा जाते. या प्रकरणात यंत्राच्या वजनाखाली पाय दबलेला होता, त्यामुळे शंका रास्त होती.

मॅडम रुग्णवाहिकेत सोबत होत्या. दर पंधरा मिनिटांनी त्या नाडी, संवेदना आणि दुखण्याला दहापैकी किती गुण, हे मनगटाच्या आतील बाजूला पेनाने लिहीत होत्या. कागद ओला झाला होता. दुखणे पाचवरून आठवर गेल्याचे त्या नोंदींमुळेच स्पष्ट दिसले. सोबतच्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या संमतीने सगळ्या गाठी सोडून सैल बांधल्या, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवला; उंच उचलला नाही, कारण अशा वेळी उंच उचलल्याने रक्तपुरवठा आणखी घटतो. वीस मिनिटांत गुण पाचवर आले. दाब आतून वाढत नव्हता, पट्ट्याच सूज चढल्यावर घट्ट झाल्या होत्या. तंगमर्गला तपासणी आणि शिरेतून औषध मिळाले, आणि रात्री आठनंतर श्रीनगरमधील रुग्णालयात मनगटावरची ती ओळ डॉक्टरांनी थेट आपल्या कागदावर उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी हाडात सळई बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. आठवड्याभराने, डॉक्टरांचा दाखला आणि पाय लांब ठेवता येईल अशी जागा घेऊन, ते विमानाने परतले.

बदललेली तयारी

पुढील सहलीसाठी गटाने जमिनीवरच्या थराचे प्रमाण बदलले आहे : दर दोन माणसांमागे एक कॅरीमॅट, आणि त्यांतील एक फक्त जखमीच्या पाठीखालीच वापरायची. चंदेरी चादरीच्या जागी माणूस आत शिरेल अशी जाड आपत्कालीन पिशवी घेतली, सुती जीन्सला बंदी घातली, आणि घोट्यापर्यंत नाडीचे स्वतःचे बूट बंधनकारक केले. वेल्क्रो गेला. त्रिकोणी पट्ट्या आता चार जोड्या आहेत आणि गाठींचा सराव बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या मोज्यांनी केला जातो. त्यासाठी एपीएमसी बाजारातून आणलेला बर्फ आणि एक बादली पुरते, कोल्ड स्टोरेजची परवानगी लागत नाही. निदान चौघांकडे पोस्टपेड क्रमांक असावेत असे ठरले आहे. विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळले आहेत का, हे प्रत्येकाने स्वतः वाचून मॅडमना दाखवायचे आहे.

एका मुद्द्यावर त्यांच्यात अजून मतभेद आहेत. अपघाताच्या दिवशी पेटी जखमीबरोबर रुग्णवाहिकेत गेली आणि अंधारात, दमलेल्या अवस्थेत हॉटेलकडे उतरणाऱ्या बाकीच्यांकडे साधी पट्टीही उरली नाही. त्यांपैकी एक जण गोठलेल्या पायवाटेवर घसरून मनगट मुरगाळून बसला आणि ते रात्रभर रुमालात लटकवून ठेवावे लागले. मॅडमचे म्हणणे सामान दोन सारख्या पिशव्यांत विभागावे. मेंटेनन्समधील तरुणाचे म्हणणे असे की दोन अर्ध्या पिशव्यांनी त्या दिवशी नडगी जखडता आली नसती, म्हणून मुख्य पेटी पूर्ण ठेवून प्रत्येकाच्या खिशात एक दाबाचे ड्रेसिंग, एक त्रिकोणी पट्टी आणि गरम पुड्यांची एक जोडी असावी. मला दुसरी सूचना अधिक व्यवहार्य वाटते, कारण खिशातील वस्तू अंगाच्या उबेत राहतात आणि यंत्र उलटून सॅक दूर फेकली गेली तरी माणसाजवळच असतात. निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीत व्हायचा आहे.